मेव्हणा बाजूला सरला

तुंगाल टेकडी,
मंगळवार, १४ ऑगस्ट २०१८

इपाकी भावा,

तू बरा असशीलच. आईच्या गुडघ्याला शेकायला पानं पाठवली होती, मिळाली का? इकडे रताळी बरी आली आहेत. कॉफी यंदा लवकर लाल झाली, पण तोडायला माणसं नाहीत, तुम्ही ठेवली असती तर असती. नेरोलिनचा पुढचा दात पडला. मामाला दाखवायचा म्हणाली, मी म्हटलं नको.

तुझा निरोप पाद्रीबाबांनी पोचवला. शनिवारी मैदानावर दोन्ही कुळं जमणार, तुम्ही काईमा लोक माझ्या नवऱ्याच्या, कुरालीच्या जिवाची भरपाई म्हणून डुकरं देणार. पण पहिल्या डुकराची दोरी मेलेल्याच्या बायकोने हातात घेतल्याशिवाय लढाई मिटत नाही, म्हणून सात महिन्यांनी तुला बहीण आठवली. ताईने दोरी घ्यावी आणि गप्प राहावं, असा निरोप. 'गप्प' हा शब्द पाद्रीबाबांनी जरा खोकत सांगितला. माणूस भला आहे.

दोरीचं नंतर. आधी तुझ्या गाण्याचं बोलू. कुरालीने मेव्हण्यावरच नेम धरला, म्हणून त्याला पाडावं लागलं, असं तू गाणं केलंस. चाल छान आहे. चाली तुला लहानपणापासून सुचतात. शाळेत तुमच्या पोरी ते गाणं म्हणत दोरीवर उड्या मारतात आणि माझी पोर भिंतीला टेकून ऐकते. परवा तिने विचारलं, "बाबा लबाड होते का गं?"

इकडचेही काही कमी नाहीत. इथे सांगतात की पडण्याआधी कुरालीने तुमचे पाच जण लोळवले. अरे, त्याला कोंबडी कापायची झाली तरी तो मला हाक मारायचा. तुम्हाला लबाड हवा होता, यांना शूर हवा होता. पुढची लढाई उभी करायला दोन्ही उपयोगाचे. दोन्हीकडच्या गोष्टींत माझा नवरा मात्र कुठेच नाही.

लढाईत मेव्हणे समोरासमोर आले तर दोघांनीही बाजूला व्हायचं, हे आपल्या बाबांनी तुला धनुष्य देण्याआधी शिकवलं होतं. मी तिथेच बसले होते. कुरालीलाही त्याच्या बापाने तेच शिकवलं होतं. त्याने ते पाळलं.

आता सात महिने जे लिहिलं नाही ते लिहिते. लढाईच्या आदल्या दिवशी मी तुला फोन केला होता. उद्या कुराली कॉफीच्या मळ्याच्या कडेला असेल, लाल टोपी घालून, तू त्या बाजूला येऊ नकोस, असं मी म्हणाले. तू म्हणालास, "बरं ताई." इतकंच म्हणालास, आणि मी निश्चिंत होऊन चूल पेटवली.

तू तिथेच आलास. तो मला सापडला तेव्हा त्याच्यात जीव होता. त्याने सांगितलं, "इपाकी दिसला म्हणून मी धनुष्य खाली केलं. 'मेव्हण्या, मी ओढ्याकडे सरकतो, तू वर जा,' असं म्हणून वळलो." वळलेल्या माणसाच्या पाठीत तू बंदुकीची गोळी घातलीस. माणसं पोचायच्या आत मी माझी जाळीची पिशवी त्याच्या पाठीवर टाकली. पाठीतली जखम म्हणजे पळाला, असंच सगळे म्हणाले असते. आणि खरं सांगायचं तर इपाकीला जागा कशी कळली, हे कुणी विचारू नये असंही मला वाटत होतं. सासूबाई आणि मी, दोघींनीच त्याला आंघोळ घातली. जखम त्यांनीही पाहिली, आणि महिनाभरात त्याही गेल्या.

मी दोरी घेतली की तुझं गाणं खरं ठरेल. मग नेरोलिनची पोरंही तेच गाणार. ते मी होऊ देणार नाही. तुझं वाईट व्हावं असं मला वाटतं, इपाकी.

इथवरचं पत्र मी आज दुपारी कुरालीच्या भावांना वाचून दाखवलं. फोन, टोपी, काही गाळलं नाही. थोरला दीर म्हणाला, "लेपाम, तुझं काय करायचं ते आम्ही मागाहून ठरवू."

तुझं काय करायचं ते त्यांना ठरवावं लागलं नाही.

नेरोलिनला मी तिच्या आत्याकडे पाठवलं आहे. हे पत्र मिळताच आईला आपल्या मामाकडे पोचव. शनिवारपर्यंत थांबू नकोस, हे लोक आता डुकरांची वाट बघणार नाहीत.

कुरालीची बायको,
लेपाम