गाजराच्या चोथ्यावरची बदकं

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू आणि भाऊजी बरे असाल असं धरून चालते; नसतात तर तुझा फोन आलाच असता. आईचा गुडघा दुखतोय, पण शेजारच्या भानगडी ऐकायला तो तिला बरोबर नेतो.

बदकांचं सांगते. अर्धी बदकं बाबांच्या विकतच्या खाद्यावर आणि अर्धी माझ्या मिश्रणावर, हे तुला ठाऊक आहेच. गिरणीतला कोंडा, तांदळाची कणी, तेलाच्या घाण्यावरची पेंड आणि रसाच्या कारखान्याने टाकून दिलेला गाजराचा चोथा. बाबांची अट एकच होती. खाटीककाकांनी माझी बदकं नाकारली, तर शेडमध्ये पुन्हा लुडबुड करायची नाही, मुकाट्याने त्या कार्यालयातल्या नोकरीवर जायचं.

पहिल्या दिवशी मी सगळं कोरडंच घातलं. बदकांनी चोची भरून घेतल्या, धावत पाण्यावर गेली आणि टाकीची पेज करून ठेवली. बाबा म्हणाले, "तुझ्यापेक्षा त्यांना स्वयंपाक येतो." तेव्हापासून भिजवूनच देते. पेंडीचं पोतं मात्र हुंगल्याशिवाय वापरत नाही, कारण बुरशी बदकांना अजिबात सोसत नाही. एकदा नुसत्या संशयावरून अख्खं पोतं पुरून टाकलं. तेव्हापासून बाबा मला 'पोलिसांचं कुत्रं' म्हणतात.

काल खाटीककाका आले. दोन्हीकडची बदकं उचलून, छाती दाबून पाहिली आणि माझ्या बदकांतलंच एक तिथेच अंगणात कापलं. कातडीखालची चरबी पिवळीधमक. काका ती बोटाने चाचपत राहिले. मला राहवलं नाही. चोथा, कोंडा, पेंड, पुरलेलं पोतंसुद्धा, सगळं मी सांगून टाकलं. बाबांनी कपाळावर हात मारला.

काका म्हणाले, "पोरी, मी काही विचारलं का?"

"नाही. पण हा पिवळेपणा गाजराचा आहे, रंग लावलेला नाही, हे तुम्हाला कळायला हवं."

"रंग लावणारा एवढं बोलत नाही." मग ते बाबांकडे वळले. "आणि तू मला इतकी वर्षं फिकट बदकं विकलीस होय? पुढची सगळी असलीच पाहिजेत."

बाबा रागावतील असं वाटलं, तर ते दाराची चौकट धरून हसत सुटले. काय झालं म्हणून आई बाहेर आली, तर तिला म्हणाले, "पिल्लांना काय घालायचं ते आता आपण हिला विचारायचं, बरं का." मी तोंड धुवायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

बदकं गाडीत भरताना मात्र मी तिकडे फिरकले नाही. ते अजून जमत नाही.

ताई, आता खरं सांगते. तू शाळा सोडलीस म्हणून आपल्या घरात शिकलेली मी पहिलीच. ही नोकरीही तूच खटपट करून मिळवून दिलीस. त्या कार्यालयाला मी फोनवर नाही म्हणून सांगितलंय. काल नव्हे, परवा, खाटीककाका येण्याआधीच. त्यांनी माझी बदकं नाकारली असती, तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं. हे बाबांना ठाऊक नाही.

तुला माहीत आहे, मला कशाचीही धास्ती वाटते. पण सकाळी शेडचं दार उघडलं, की ती सगळी कलकलाट करत माझ्या पायांत येतात, आणि तेवढ्यात मी घाबरायचंच विसरते.

रागाव, तुझा हक्कच आहे. फक्त फोनवर नको. इथे ये आणि समोर बसून रागाव.

तू शिकवलेली, आणि इथे सुखात असलेली,
तुझी धाकटी