उजवा दांडा

४ फेब्रुवारी, बुधवार

ताई आली! कपड्यांची एक पिशवी आणि अवजारांच्या दोन पेट्या. पेट्या आत घेताना माझी कंबर धरली. "कपडे कमी पडले तर तुझे घालीन," म्हणाली. माझे तिला होणार आहेत होय!

चहा उकळायच्या आत मागच्या आवारात गेलीसुद्धा. बाबांच्या जुन्या लोडरभोवती एक फेरी मारली, गंजलेल्या चेनवर हात ठेवला आणि म्हणाली, "हा इथून स्वतःच्या पायांनी जाईल." महिनाअखेरीला आवार नव्या मालकाच्या ताब्यात द्यायचंय. त्याआधी लोडर फाटकाबाहेर निघाला तर ट्रेलरवर चढून ताईच्या वर्कशॉपात जाईल. नाही निघाला तर भंगारवाला गॅस-कटर घेऊन येईल आणि उभ्या जागी तुकडे करील — बाबांच्या खिडकीसमोर.

बाबा खुर्चीतून एवढंच म्हणाले, "कशाला उगाच त्रास करून घेतेस."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अडचण नीट लिहून काढते, म्हणजे माझ्या डोक्यात शिरेल. चेनवर चालणाऱ्या लोडरला गोल स्टिअरिंग नसतं. दोन दांडे असतात. डावा ओढला की डावी चेन थांबते, उजवी चालत राहते आणि लोडर डावीकडे वळतो. उजवा ओढला की उजवीकडे. आपले दोन्ही जाम! डावा जाम झाला तो बाबांचे गुडघे गेल्यापासून लोडर उभाच आहे म्हणून. उजवा मात्र कायमचाच. मला कळायला लागल्यापासून तो हललेला नाही.

बाबांनी अख्खा धंदा डावीकडे वळून काढला. उजवीकडे जायचं झालं तर डावीकडून पूर्ण गोल फिरून यायचे. खडीच्या खाणीवरची माणसं त्यांना 'डावे' म्हणायची. "डावे आले, आता प्रदक्षिणा बघा!" आम्हीही हसायचो. दुरुस्त का करत नाही, म्हटलं की ठरलेलं उत्तर — "जाम आहे. चालतंय ना?" लोक कंजूष म्हणाले, कामं दुसऱ्यांना गेली, पण बाबा ढिम्म.

आता तर गोल फिरायलाही जागा नाही. डावीकडे शेजाऱ्याची भिंत आली. फाटक उजवीकडे. म्हणजे उजवा दांडा सुटला तरच सगळ्यांची सुटका.

९ फेब्रुवारी, सोमवार

इंजिन सुरू झालं! धुराने दोरीवरचे माझे दवाखान्याचे पांढरे कोट काळे. काउंटरवर आज रंगीत साडीत बसले, डॉक्टरांनी विचारलं काय विशेष. काय सांगणार, कपाळ!

पण ताईचं काम बघत राहावं असं आहे. मी असते तर हातोडा घेऊन तुटून पडले असते. तिने आधी पायाखालचे पत्रे काढले आणि मग नुसती बघत बसली, बराच वेळ. दांड्यांच्या खालच्या पिना गंजून बसल्यात. त्यांच्यावर डिझेल आणि पातळ तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, तापाच्या माणसाच्या कपाळावर घड्या ठेवतात तशा. सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. ठोकायचंच झालं तर मधे पितळी कांब धरते. लोखंडाने ठोकलं की पिनेचं तोंड पसरतं आणि मग ती जन्मात बाहेर येत नाही म्हणे. संध्याकाळी गॅसने एक कड तापवली आणि तिथे चक्क मेणबत्ती टेकवली! मेण वितळून फटीत शिरलं, दिसेनासं झालं. मी आ वासून बघत राहिले.

हे सगळं कोणी शिकवलं, विचारलं. तिने मानेनेच खुर्चीकडे खूण केली.

बाबांनी. अर्थातच. तिला मांडीवर घेऊन दांडा धरायला द्यायचे. मी लोडरच्या आसपास फिरकले तरी "घरात जा!" म्हणून ओरडायचे. ती लाडकी, मी नुसती धाकटी. इतकी वर्षं झाली, पण अजून खुपतं, खोटं कशाला बोलू.

१० फेब्रुवारी, मंगळवार

फ्रिजच्या दारावर काळा पंजा. विचारलं तर ताई म्हणते, "बाबांचा असेल."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

डावा सुटला!!

ताईने उड्याबिड्या मारल्या नाहीत. केसभर हलवला, तेल सोडलं, परत केसभर. दुपारपर्यंत दांडा पूर्ण मागे येऊ लागला. मग आतले क्लचचे पत्रे एकमेकांना चिकटलेले होते ते सोडवायचे. दांडा मागे ओढून दोरीने बांधून ठेवला, इंजिन चालू केलं, आणि पुढे-मागे, पुढे-मागे, हलके धक्के. घाई नाही, आदळआपट नाही. एकदम आतून 'खट्ट' झालं आणि तो अवाढव्य लोडर हळूच डावीकडे वळला. मला रडूच यायला लागलं. ताई माझी बहीण आहे हे रस्त्यात कुणालातरी थांबवून सांगावंसं वाटलं.

आणि मग त्यावर विरजण! ताईने मला लोडरच्या उजव्या बाजूला उभं केलं होतं, हाताने खुणा करायला. सीटवरून त्या बाजूचं काही दिसत नाही, एअर क्लीनरचा डबा आणि डिझेलची टाकी आड येते. तर बाबा खुर्चीतून उठले. त्या गुडघ्यांनिशी! "तिला तिथून काढ. आधी काढ." असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ताईने इंजिन बंद केलं.

पन्नाशीला आले मी. अजून 'घरात जा'. तरातरा आत निघून आले. रात्री बाबा नीट जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उजव्याने नाकी नऊ आणलेत. चिंध्या झाल्या, गॅस झाला, मेण झालं. आज पिनही सुटली, बोटाने फिरते. तरी दांडा तसूभर हलत नाही! ताई म्हणते असं होऊच शकत नाही. पिन मोकळी, मग अडतंय काय?

तिला अंधुक आठवतंय, लहानपणी लोडर उजवीकडे वळायचा. माझ्या जन्माआधी असेल. बाबांना विचारायला गेलो, तर म्हणाले झोप येतेय. सकाळी अकरा वाजता!

नव्या मालकाचा फोन येऊन गेला. भंगारवाला फाटकातून डोकावून गेला. माझा जीव टांगणीला, आणि ताई शांतपणे नखांतलं काळं काढत बसलीय. ही कुठल्या मातीची आहे कोण जाणे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यातून आले तर लोडरखालून नुसते ताईचे पाय दिसत होते. "खाली ये," म्हणाली. साडीसकट गेले.

पोटाखालचा जाड पत्रा तिने काढला होता. आत वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि चिखल, दगडासारखा कडक. दिवसभर खरवडत होती. टॉर्च मारून दाखवलं — बोटभर जाडीची लोखंडी पट्टी. एक टोक उजव्या दांड्याच्या खालच्या हाताला, दुसरं लोडरच्या सांगाड्याला. दोन्हीकडे वेल्डिंग.

"हा जाम झालेला नाही," ताई म्हणाली. "जाम केलेला आहे."

"कुणी?"

तिने ग्रीस पुसून वेल्डिंगची शिवण दाखवली. बारीक, एकसारखी, वेणी घातल्यासारखी. असं वेल्डिंग तिला एकाच माणसाने शिकवलंय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांनी हसून घेतलं, कामं गेली, कंजूष म्हणवून घेतलं, आणि हे स्वतःच्या हाताने! वर इतके दिवस पोरगी जमिनीवर आडवी पडून राबतेय आणि हे खुर्चीतून बघतायत! आत्ताच्या आत्ता जाऊन विचारणार होते. ताईने माझा हात धरला. "मी विचारते. उद्या." ती मात्र त्या शिवणीवरून अंगठा फिरवत होती, कौतुकाने. एवढं देखणं काम कुणाला दिसू नये अशा जागी का केलं असेल, म्हणाली.

२२ फेब्रुवारी, रविवार

विचारावं लागलंच नाही. पत्रा काढलेला खिडकीतून दिसला असणार. बाबा काठी टेकत स्वतःच आवारात आले. ताईकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले. "तू रांगत होतीस. टाकीच्या बाजूने कधी आलीस, मला दिसलंच नाही. मी उजवा दांडा ओढला. तुझ्या आईने तुझा पाय धरून तुला मागे ओढलं. त्याच संध्याकाळी ही पट्टी मारली."

मग ताईला म्हणाले, "काप आता. तिकडे रांगायला आता कोणी नाही."

ताईने पट्टी कापली. क्लच सुटायला दुपार झाली. लोडर उजवीकडे वळला आणि फाटकातून बाहेर गेला. बाबांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. इंजिन बंद झालं तरी सोडला नाही.