गावभर पसरलेलं विमान

प्रिय लायोनेल,

तू स्पेनला निघून गेल्यापासून सहा वर्षं माझी गाडी पावसात भिजते आहे आणि तुमच्या मंडळानं दुरुस्त केलेल्या युद्धकाळातल्या विमानाचा डावा पंख माझ्या गॅरेजात कोरडा पहुडला आहे. या अन्यायाची दखल साऱ्या इंग्लंडात कोणी घेतलेली नाही.

गेल्या मंगळवारी पक्क्या हँगरसाठी निधी देणारे साहेब आले.

"विमान कुठंय?"

"गावभर आहे," पाद्रीबुवा म्हणाले. "शेपूट चर्चमध्ये, इंजिन पबमध्ये."

"शनिवारी अख्खं दाखवा, तरच पैसे. नाहीतर निधी दुसऱ्या गावाला."

"अहो, अख्खं ठेवायलाच तर हँगर हवंय!"

शेवटी शनिवारी क्रिकेटच्या मैदानात आम्ही सगळे तुकडे जुळवले, आणि जे बोल्टांना पेललं नाही ते हातांनी धरलं. त्यात पाऊस. साहेबांनी पंखाखालच्या आम्हा आठ जणांकडे पाहिलं.

"आणि हे कोण?"

"हे सध्याचं हँगर," पाद्रीबुवा म्हणाले.

साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

लग्नाच्या एकोणीस वर्षांत तू रोज म्हणायचास, "रोझलिंड, जरा एक मिनिट हे धर गं." मी एकदाही धरलं नाही. शनिवारी तुझा पंख चाळीस मिनिटं धरला. फिटलं.

हे पत्र टपालात न टाकणारी,
रोझलिंड