चढाईतला शब्द

किन्हवली, जानेवारी १९९८

दादा,

तुझा निरोप मिळाला. पंच म्हणून मी अहवालात ‘दम तुटला’ एवढंच लिहावं, बाकीचं नारळ देऊन मिटवू, असं तुझं म्हणणं. नाय जमणार.

दिनेश तुझा मुलगा, माझा पुतण्या. पण कालच्या सामन्यात चढाई करताना त्याने ‘कबड्डी’ म्हटलंच नाय. वाडीवरच्या बाळ्याकडे बोट करून ‘उंदीरखाऊ, उंदीरखाऊ’ असाच दम घुमवला. त्याच्या संघातली शेणवे गावची पोरं हसली. मी शिट्टी मारून गुण वाडीला दिला, तर तुझे मित्र म्हणतात, "झाला की न्याय!" दमाची चूक गुणाने भरून निघते, दादा. कातकऱ्याच्या पोराला भर मैदानात दिलेली शिवी नाय निघत. तुझ्या मित्रांनी पुढे केलेला नारळ बाळ्यानेही घेतला नाय. म्हणाला, "काका, मैदानात बोलला ना? मग घरात कशाला मिटवता?"

तालुक्याच्या मंडळाला मी तो शब्द जसाच्या तसा लिहून दिलाय. दिनेशला वर्षभर खेळता येणार नाय.

संध्याकाळी त्याला विचारलं, "हे कुठं शिकलास रे?" रडत म्हणाला, "बाबा खळ्यावर बाळ्याच्या बापाला, गणूला, अशीच हाक मारतात. तो तर हसतो."

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाय, आजच माणसाच्या हाती धाडतोय. उद्या तुझ्याकडे भाताची झोडणी आहे, गणू कामाला येईल. मीपण येतोय. तू त्याला हाक मार. मी शेजारीच उभा असेन, गळ्यात शिट्टी घालून.

तुझाच धाकटा,
काशिनाथ