मंजूची काविळीची माळ

लंडन, १० मार्च १९९७

ती. आईस, नाथाचा नमस्कार.

मंजूचं यकृत बदलायचं ठरलं. मोठ्या डॉक्टरांनी आज सकाळी बाबांना आणि मला समोर बसवून सांगितलं. साधी कावीळ आहे असं मी तुला लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. रागावू नकोस.

तू करून पाठवलेली काविळीची माळ लांबत लांबत डोक्यावरून गळ्यात उतरली, तिच्याबरोबर कावीळही उतरायला हवी होती, डोळे मात्र पिवळेच राहिले. ती लांबते कशी, म्हणून डॉक्टर रोज पट्टीने मोजतात. मंजू म्हणते, "दादा, त्यांना कळव्याला आईकडे पाठव, शिकतील."

एक नवल ऐक. गेल्या वर्षी तिच्या रक्ताच्या आजारात मी दिलेल्या बोन मॅरोमुळे, म्हणजे हाडांतल्या मगजामुळे, तिच्या अंगात आता माझंच रक्त तयार होतं. ते तिच्या यकृताला परकं समजून पोखरतंय. म्हणून माझ्याच यकृताचा तुकडा बसवणार, तो त्या रक्ताला घरचा वाटेल. माझं उरलेलं यकृत पुन्हा वाढतं म्हणे.

तुझा गुडघा कसा आहे? जेवतेस ना वेळेवर?

ऑपरेशन गुरुवारी आहे. हे पत्र पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरू लागेल, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. माळ ऑपरेशनपुरती बाबांच्या खिशात राहील. मी माझी खाट तिच्याशेजारी मागितली आहे. शुद्धीवर आलो की आधी तिचे डोळे बघेन.

तुझा,
नाथा