नवऱ्याचं माहेरचं नाव

प्रिय वेस्ली,

जर्मनीहून परवा परतलो. गुडघे बोंब मारतायत, पण तोंड गप्प बसत नाही आणि इथं ऐकायला फक्त गाई. तुझी आई असती तर म्हणाली असती, "एल्मर, आधी बूट काढ, मग काय ते बोल."

मला धाडलं गिल्बर्टनं. माझ्या या धाकट्या भावाला आमच्या आव्हरबेक आडनावाचं मूळ गाव शोधून चर्चच्या वर्धापनदिनी मिरवायचं होतं. तुझ्या आईच्या दफनानंतर, जेवताना, सगळ्यांदेखत तोच बोलला होता ना, "आव्हरबेकांची जमीन आता एका प्रूइटच्या घशात जाणार की काय?" तू ताट तसंच ठेवून सेंट लुईला निघून गेलास. तेव्हापासून शेताचं नाव काढलं की तुझं एकच, "ते तुमच्या रक्ताच्या माणसांना द्या." फार लागतं रे ते. मी तुझ्या आईशी लग्न केलं तेव्हा तू सहा वर्षांचा प्रूइट होतास. घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलंस, "कुत्रा चावतो का?" पुढे या गोठ्यातल्या प्रत्येक वासराचं बारसं तूच केलंस. एका हट्टी गोऱ्ह्याचं नाव गिल्बर्ट ठेवलंस, तेही मी चालवून घेतलं.

तर वेस्टफालियात आव्हरबेक नावाचं शेत अजून आहे. ओढ्यापलीकडचं, एवढाच त्या नावाचा अर्थ. तिथली म्हातारी आनेलीझे आमच्या आजीसारखीच खेडवळ जर्मन बोलते. मी छाती फुगवून म्हटलं, आपण एका रक्ताचे. ती इतकी हसली की कॉफी बशीत सांडली. "कसलं रक्त घेऊन बसलात, दादा! माझा नवरा कागदावर श्टुकमान, पण गावात त्याला कुणी त्या नावानं हाक मारील तर शपथ. इथं नाव शेताचं असतं. जो येऊन राहील, राबेल, तो आव्हरबेक."

मग तिनं मला मोठ्या दारावरची तुळई दाखवली. अमेरिकेला आलेल्या आमच्या पणजोबांच्या आईबापांची नावं तिच्यावर कोरलेली. आणि खाली चक्क नवऱ्याचं माहेरचं नाव, पोलमान! म्हणजे पणजोबांचा बापच शेजारच्या गावचा गडी, इथल्या विधवेशी लग्न करून आला आणि आव्हरबेक झाला. मीही हसत सुटलो, मग डोळे पुसत बसलो. गिल्बर्टला फोनवर सांगितलं. तर म्हणाला, "म्हातारीला कमी ऐकू येत असेल."

तिथली आणखी एक रीत आहे. नवा माणूस शेत हाती घेतो तेव्हा म्हातारा मागच्या लहान घरात राहायला जातो. काल मी माझी खाट मागच्या खोपटात हलवली. छप्पर थोडं गळतं, पण चालेल. थोरलं घर झाडून ठेवलंय. प्रूइट हे नाव बदलू नकोस, तुझ्या बापाचं तेवढंच तुझ्यापाशी उरलंय. तेच घेऊन ये. मला तुझ्यावाचून करमत नाही, पोरा, आणि त्या घरात दिवा लावायला कुणी नाही.

तुझाच,
एल्मर