लाल साबणाचा पांढरा फेस

दि. ६ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानेच रचता, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी 'लगेच ठेवते' म्हणाले आणि तुम्ही मामीला सांगितलंत की भिंगरीचं लग्न ठरलं. मामी अजून तारीख विचारते आहे.

तर बातमी अशी, की सहावीला विज्ञान शिकवायला लागून जेमतेम दोन महिने झाले आणि काल मी भर वर्गात तोंडावर आपटले. वर खुशीत आहे. सविस्तर सांगते.

माझ्या वर्गात खिडकीशी एक मुलगी बसते. शाळा सुरू झाल्यापासून हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे तिने तोंड उघडलं नव्हतं. आधीच्या बाईंनी मला बजावून ठेवलं होतं, की ती बोलत नाही, तुम्ही उगाच नादाला लागू नका. काल मधल्या सुट्टीनंतर ती हात धुऊन आली ती थेट माझ्या टेबलापाशी. फेसाने भरलेले हात पुढे धरून म्हणाली, "बाई, साबण लाल आहे. मग फेस पांढरा का?"

मामा, ती बोलली याचाच मला इतका आनंद झाला, की उत्तर येत नाही हे लक्षातच आलं नाही. मोठ्या उत्साहाने मी तोंड उघडलं आणि आतून काहीच बाहेर येईना. सगळा वर्ग माझ्याकडे टक लावून बघत होता. शेवटी मी म्हणाले, "मला माहीत नाही."

मग जो काही गोंधळ झाला! तिघांनी दप्तरात लपवलेले फोन बाहेर काढले. ते जप्त करायला हवे होते, पण मलाही उत्तर हवं होतं. तिन्ही फोनांनी एकच सांगितलं: प्रकाशाचं विकिरण. पोरं खूश, विषय संपला. खिडकीवाली मात्र जागची हलेना. विकिरण म्हणजे साबणात नेमकं काय होतं, असं तिने विचारलं, तेव्हा फोनवाले तिघेही वर पंख्याकडे बघायला लागले. त्यांना सोबत म्हणून मीही बघितलं.

मग मी अख्ख्या वर्गाला नळावर नेलं. हिरवा साबण, निळा साबण, पिवळा साबण, सगळ्यांचा फेस पांढरा. तो नळावरून व्हरांड्यात कधी पसरला ते कळलंच नाही. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, आवाज ऐकून बाहेर आल्या. पडल्या नाहीत, पण जिथे थांबायचं होतं त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन थांबल्या.

तुम्ही उभी हयात विज्ञान शिकवलंत. उत्तर कळवा, आणि माझं चुकलं का तेही कळवा. मामीला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली,
भिंगरी


दि. ११ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझं चुकलं. मास्तराने 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. अशा वेळी 'हे पुढच्या इयत्तेत आहे' म्हणावं. पुढच्या इयत्तेत विचारलं तर 'हे मागच्या इयत्तेत झालं' म्हणावं. आणि अगदीच अडलं तर खोकावं. मी खोकल्यावर अर्धी नोकरी काढली. मुलं हळहळायची, मला पाणी आणून द्यायची आणि प्रश्न विसरायची.

लाल साबणाचं म्हणशील, तर ते अगदी सोपं आहे. पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो.

आशीर्वाद आहेतच. पत्राला उशीर करू नये.

तुझा,
मामा

ता. क. मी मामी लिहिते आहे. सोपं आहे म्हणून हे सकाळपासून न्हाणीघरात बसलेत. घरातल्या सगळ्या साबणाच्या वड्या भिजवल्या. माझा चांगला टॉवेल जांभळा झाला. फेस अजून पांढराच आहे. मी शेजारी अंघोळ करून आले.


दि. १६ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामीचा ता. क. मी शिक्षकांच्या खोलीत वाचला आणि चहा नाकातून बाहेर आला. पण आता जरा गंभीर व्हा, कारण माझ्या नोकरीवर आलं आहे.

फोनवाल्या तिघांपैकी एकाचे वडील वकील आहेत. ते तक्रार घेऊन आले. जे फोन क्षणात सांगतो ते बाईंना येत नाही, वर त्या तसं वर्गात कबूल करतात, मग बाई हव्यात कशाला, असा त्यांचा मुद्दा. मोठ्या बाईंनी मला समोर बसवूनच तो ऐकवला. मला राग यायला हवा होता, पण मुद्दा खरा वाटला म्हणून रात्रभर तळमळले. मी अजून कायम झालेली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आता येत्या शुक्रवारी पालक वर्गात बसणार आहेत आणि मी हाच पाठ घ्यायचा आहे. मला ठेवायचं की नाही, ते त्यानंतर ठरेल.

मी पुस्तकं धुंडाळून उत्तर मिळवलं आहे. आरशासमोर उभी राहून घडाघडा म्हणते सुद्धा. अडचण एवढीच, की आरशातल्या बाईला जांभया येतात. आणि खिडकीवाली रोज दारातच गाठून विचारते, सापडलं का? ती एकदा गप्प झाली तर पुन्हा बोलेल का, याची मला नोकरीपेक्षा जास्त धास्ती आहे. तुमचं उत्तर तयार असेलच. ते कसं सांगायचं तेवढं लगेच कळवा.

घाबरलेल्या भाचीवर लोभ असू द्यावा.

आपली,
भिंगरी


दि. १९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर कळवू नकोस. मी अगदी जवळ आलो आहे.

काल मामी न्हाणीघराबाहेरून म्हणाली, की शेजारच्यांच्या नातवाने फोनवर शोधून ठेवलंय, तो सांगायला आला आहे. मी आतून कडी लावून घेतली. त्याने दाराबाहेरून सांगायला सुरुवात केली असती, तर मी बादली फेकली असती. मग तिथेच पाटावर बसून विचार केला, की इतकी वर्षं मी स्वतः वर्गात दुसरं काय करत आलो? पोरांनी दाराला हात लावायच्या आत मी उत्तर ओरडून मोकळा.

भिंगरे, माझा मागचा सल्ला परत घेतो. उत्तर तुझ्याकडे आहे, ते तोंडात धरून ठेव. त्या वकिलाला नळाशी बसव. हात ओले झाल्याशिवाय त्याला कळायचं नाही. मला तरी कुठे कळलं होतं?

काळजी करू नये. मामी बरी आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही.

तुझा,
मामा


दि. २४ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बसल्या जागी नाचत लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

शुक्रवारी पालक मुलांच्या बाकांवर बसले. वकीलसाहेबांचे गुडघे पार हनुवटीपर्यंत आले होते. मी प्रत्येक बाकावर साबण, पाण्याचं भांडं आणि लाल शाई ठेवली आणि सांगितलं, की आज मी उत्तर सांगणार नाही. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

पोरांनी पेल्यात लाल पाणी भरलं, ते गडद दिसलं. तेच पांढऱ्या ताटलीत पसरलं तर जवळजवळ रंगच नाही. खिडकीवाली म्हणाली, की फेसाच्या फुग्याची भिंत त्याहून पातळ, मग तिच्यात लाल दिसेलच कसं? इथवर छान झालं. पण मग एकाने विचारलं, की लाल दिसत नाही ते ठीक, पण पाण्यासारखं आरपार का नाही, दुधासारखं पांढरं का? आणि सगळे अडकले. मामा, ती शांतता इतका वेळ चालली, की उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं. मी जीभ चावली. खरोखर चावली, अजून दुखते.

तेवढ्यात वकीलसाहेब काहीतरी बोलायला म्हणून उठले. त्यांचा मुलगा बाकाखालून मित्राला चघळायची लाल गोळी देत होता, ती निसटली आणि यांच्या बुटाखाली आली. कडकन आवाज झाला. खिडकीवाली धावत येऊन त्यांच्या पायाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाई, गोळी लाल होती. चुरा पांढरा झालाय."

(मामा, इथून पुढचा परिच्छेद मामीने वाचावा.)

नंतर कोण काय बोललं ते सांगता यायचं नाही, इतके सगळे एकदम बोलत होते. एक गोळी असते तेव्हा प्रकाश आत शिरतो आणि लाल होऊन बाहेर येतो. तिचे हजार कण झाले की प्रत्येक कण प्रकाशाला दारातूनच परतवून लावतो, लाल व्हायला सवडच देत नाही. फेस म्हणजे साबणाचा चुराच. फोनवाला मुलगा बाकावर चढून ओरडला, की हेच ते विकिरण! वकीलसाहेबांनी खात्री करायला आणखी एक गोळी मागितली. मग सुटाबुटात गुडघ्यांवर बसून, एक बूट काढून त्याच्या टाचेने ती स्वतः फोडली. मग आणखी एक. त्यांना उठवायला मोठ्या बाईंना घंटा वाजवावी लागली. जाताना ते मला एवढंच म्हणाले, की हे त्यांना फोनने सांगितलं होतं, पण कळलं आज.

सगळे गेल्यावर खिडकीवालीची आई दारात थांबली होती. तिने विचारलं, की पोर घरी उठल्यापासून झोपेपर्यंत प्रश्न विचारते, आता हिला गप्प कसं करायचं? विचारताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मीही तेच केलं.

मी कायम झाले, मामा. मोठ्या बाईंची अट एकच, की फरशी मी पुसायची. पुसली. सगळ्या वर्गाने पुसली.

आनंदात आहे. तुमचा लोभ आहे म्हणूनच आहे.

आपली,
भिंगरी


दि. २८ ऑगस्ट

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, तो परिच्छेद मात्र हाताने झाकून. काल सकाळी माझं मलाच उमगलं, तेव्हा हात काढला. शब्द वेगळे होते, गोष्ट तीच. मी न्हाणीघरात एवढ्याने हसलो, की मामीला वाटलं घसरून पडलो. ती धावत आली, मी तिला सगळं समजावलं, आणि ती माझ्याशी पुन्हा बोलू लागली, ती टॉवेलापासून सुरुवात करून.

बाई, एक विनंती आहे. सोमवारी आम्ही दोघं तुमच्या गावी येत आहोत. तुमच्या वर्गात मला एक दिवस बसू द्यावं. मी मध्ये बोलणार नाही, खोकणारही नाही. फक्त मागच्या बाकावर बसवू नका, ऐकू कमी येतं. त्या खिडकीवालीच्या शेजारी जागा असेल तर फार बरं. वही-पेन्सिल मी माझी आणेन.

विद्यार्थ्यावर असतो तसा लोभ असावा.

आपला नम्र,
मामा